रुडॉल्फ डिझेल : सावकाश फिरणाऱ्या इंजिनाचा बाप

पेट्रोलपंपावर आपण ज्याला डिझेल म्हणतो, ते मुळात एका माणसाचं आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये एका जर्मन कुटुंबात झाला. म्युनिकला इंजिनिअरिंग शिकताना त्यांना एक गोष्ट खटकली: वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम १० टक्के ऊर्जा कामाला लावतं, बाकीची वाया जाते.

त्यांचा उपाय असा: हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन ठिणगीशिवाय पेटेल. १८९३ च्या पहिल्या चाचणीत स्फोट झाला, तरी ते मागे हटले नाहीत. १८९७ मध्ये ऑग्सबर्गला इंजिनाने २६ टक्के कार्यक्षमता गाठली, तीही २०० पेक्षा कमी आरपीएमवर. फेऱ्या कमी, म्हणून घर्षण कमी आणि इंधन पूर्ण जळायला वेळ भरपूर. पण कमी फेऱ्यांत ताकद हवी तर इंजिन मोठं आणि अवजड होणारच. त्यामुळे ते कारखान्यात आणि जहाजात रुळलं, कारमध्ये नाही.

१९१३ मध्ये इंग्लंडला जाताना कर्जबाजारी डिझेल बोटीवरून बेपत्ता झाले. नंतर समुद्रात त्यांचा मृतदेह सापडला. डिझेल कार विक्रीला यायला आणखी वीसेक वर्षं लागली. आज मोठ्या मालवाहू जहाजांची डिझेल इंजिनं साधारण १०० आरपीएमवर चालतात आणि इंधनातली जवळपास निम्मी ऊर्जा कामाला लावतात.