संत गाडगेबाबा आणि आपले हात

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे असे ठरले आणि ते काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंतचे. मोठ्यांची चरित्रे मोठ्यांनी लिहावीत हेच खरे. परंतु गाडगेबाबा स्वतः निरक्षर होते. त्यांच्याविषयी माझ्यासारखीने चार ओळी लिहिल्या तर ते रागावणार नाहीत, एवढ्या धीरावर लिहावयास बसले आहे. भगिनींनी चूकभूल पदरात घ्यावी.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. परीट म्हणजे गावाचे कपडे धुणारा. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. त्या काळी बाळंतिणीची लुगडी, आजाऱ्याची अंथरुणे, सुतकातील कपडे हे सारे परटाकडे जाई. तो ते खाराच्या पाण्यात भिजवी, भट्टीवर वाफवी, नदीवर आपटी आणि स्वच्छ करून घरोघर पोचवी. गावाची घाण ज्याच्या हातून निघून जाई, त्यालाच गाव खालच्या पायरीवर बसवी. घाण करणारा वरचा आणि धुणारा खालचा, हा न्याय कोणी काढला कोण जाणे! आपल्या घरातही मोरी घासणाऱ्या बाईला कपबशी वेगळी ठेवणाऱ्या घरांची आठवण मला हे लिहिताना झाली.

डेबूजी लहान असतानाच वडील दारूपायी गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुरे या आपल्या माहेरी आली. तेथे मामाची गुरे राखणे, नांगर धरणे यातच डेबूजी मोठे झाले. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. दारू आणि कर्ज या दोन गोष्टींवर पुढे आयुष्यभर त्यांनी कीर्तनांतून आसूड ओढला, त्याचे मूळ या घरात आहे. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटणाचे जेवण द्यावयाचे होते. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले, पण त्यांनी माघार घेतली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी ते घर सोडून निघाले. मागे आई, बायको व लेकरे. त्या घराची चूल नंतर कोणी कशी पेटती ठेवली याविषयी फारच थोडे लिहिले जाते. बाबांविषयी पूर्ण आदर ठेवूनही, कुंताबाईंचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

अंगावर चिंध्यांचे कपडे, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मडक्याचे खापर आणि हातात खराटा, असे त्यांचे रूप होते. त्या गाडग्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की कोणाशी न बोलता रस्ते झाडावयाचे, गटारे उपसावयाची. काम झाल्यावरच भाकरी मागावयाची. रात्री कीर्तन. त्या कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. देवापुढे बकरा कापू नका, कर्ज काढून सण करू नका, शिवाशिव पाळू नका, एक वेळ भांडी मोडा पण मुलांना शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे. सकाळी झाडलेला रस्ता आणि रात्री झाडलेली मने, असे त्यांच्याविषयी म्हणतात ते योग्यच आहे.

बाबांच्या काळात पटकी, प्लेग, देवी यांच्या साथी वारंवार येत. १९१८ साली मानमोडी म्हणून ओळखली गेलेली तापाची साथ आली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. ती साथ विषाणूची होती, पण विषाणू म्हणजे काय हे तेव्हा शहाण्यांनाही नीटसे कळलेले नव्हते. बाबांना ते कोठून कळणार? घाण राहील तेथे रोग राहील, एवढे मात्र त्यांना खराट्याने शिकविले होते.

आता आपल्याला जास्त कळते. २०२० साली करोना आला तेव्हा हात धुवा, हात धुवा, असे जो तो सांगे. साबण असे काय करतो, हे मला माझ्या मुलीने स्वयंपाकघरातच समजावून दिले. तुपाची वाटी नुसत्या पाण्याने धुतली तर तूप जात नाही, पाणी वरून ओघळून जाते. साबणाच्या प्रत्येक बारीक कणाला जणू दोन टोके असतात. एकाला पाणी आवडते, दुसऱ्याला तेल-तूप. तुपाकडचे टोक तुपात शिरते, पाण्याकडचे टोक पाण्याबरोबर त्याला ओढून नेते. करोना व फ्लू यांच्या विषाणूंच्या अंगावर असेच चरबीचे पातळ वेष्टण असते. साबणाची टोके त्यात घुसतात, वेष्टण फाटते आणि विषाणू निकामी होतो. लहान मुलांना जुलाब करणारा रोटा किंवा पोलिओचा विषाणू यांना असे वेष्टण नसते. ते साबणाने लगेच मरत नाहीत. परंतु हाताच्या तेलकट मळाला धरून बसलेले असतात, तो मळ साबणाने सुटला की वाहत्या पाण्याबरोबर तेही जातात. म्हणून चोळणे आणि वरून पाणी ओतणे, दोन्ही हवे. बाजारात मिळणारे सॅनिटायझर या दुसऱ्या जातीच्या विषाणूंपुढे कमी पडते. साबण महागाचा पाहिजे असेही नाही, आणि पाणी कोमट पाहिजे असेही नाही.

हे ऐकले तेव्हा मला आमच्या घरची चूक कळली. जेवणाआधी आमच्याकडे हातावर नुसते पाणी घेण्याची पद्धत, आणि मग ओला हात पदराला पुसावयाचा. तोच पदर सकाळपासून चुलीपाशी, बाजारात, बसमध्ये आणि नातवाच्या नाकाला! त्या पावसाळ्यात नातवाला जुलाबाने सलाईन लावावी लागली होती. चार रात्री त्याच्या उशाशी बसून काढल्या. कशाने झाले हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आले नाही, पण पदराला हात पुसणे मी तेव्हापासून सोडले.

हर्सूलच्या भगिनी म्हणतील, हे ठीक, पण पाणी कोठून आणावयाचे? नळाला पाणी चार-चार, आठ-आठ दिवसांनी आलेले आपण सर्वांनी काढले आहे, आणि तलाव उशाला असून हंडे भरलेले आहेत. पण हाताला पाणी फार लागत नाही. भिजविण्यापुरते थोडे, मग तोटी बंद. तळहात, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे असे वीस सेकंद चोळावयाचे, मग एक तांब्या ओतला की झाले. बांगड्या वर सरकवाव्यात व अंगठी काढावी, तिच्याखाली मळ राहतो.

पुन्हा बाबांकडे वळते. त्यांनी पैसा पुष्कळ जमविला आणि एक पै स्वतःसाठी ठेवली नाही. ऋणमोचन येथे पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या, कारण वारीला आलेली गरीब माणसे उघड्यावर निजत व तेथेच घाण होई. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. मला कोणी शिष्य नाही असे ते सांगत आणि पाया पडू देत नसत. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांचे निधन झाले. त्यांची समाधी अमरावतीस आहे. पुढे शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान काढले. फोटो काढण्यापुरता खराटा धरणारे पुढारीही त्यातून निघाले, आणि दुसऱ्या दिवशी तोच खराटा पुन्हा आपल्याच हाती आला, हे भगिनींना ठाऊकच आहे.

यंदाच्या वर्धापनदिनाच्या जेवणाला मंडपाबाहेर पाण्याचे पिंप व तोटी ठेवण्याचे कार्यकारिणीत मंजूर झाले आहे. साबणाची वडी कोणी तरी उचलून नेते, हा मागचा अनुभव. म्हणून ती जुन्या पायमोज्यात घालून तोटीला दोरीने बांधण्याचे काम माझ्याकडे आहे. दोन पायमोजे घरी आहेत, आणखी दोन लागतील.