ह्यूई लाँग : आयोगाच्या खुर्चीपासून सत्तेच्या शिखरापर्यंत

राजकारणात उतरणाऱ्याला आमदारकी हवी असते, मंत्रिपद हवे असते. रेल्वेचे भाडे आणि टेलिफोनचे दर ठरवणाऱ्या आयोगाची रुक्ष खुर्ची कोणी हौसेने मागत नाही. पण अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एका तरुणाने नेमकी तीच खुर्ची मागितली, लोकांच्या मतांवर ती जिंकली आणि पुढे अवघे राज्य मुठीत घेतले. त्या तरुणाचे नाव ह्यूई लाँग.

३० ऑगस्ट १८९३ रोजी विनफील्ड या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. मुलगा हुशार, पण तोंडाळ. शाळेतून त्याला काढून टाकले. मग तो फिरता विक्रेता झाला आणि स्वयंपाकासाठी लागणारा सरकीच्या तेलाचा पदार्थ खेड्यापाड्यांतून विकू लागला. अनोळखी माणसाच्या दारात उभे राहून त्याला आपलेसे कसे करावे, हे तो या धंद्यात शिकला. १९१३ मध्ये त्याचे लग्न झाले. पुढे ट्युलेन विद्यापीठात त्याने जेमतेम वर्षभर कायद्याचा अभ्यास केला आणि १९१५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो वकील झाला.

१९१८ साली त्याने राज्याच्या रेल्वे आयोगाची निवडणूक लढवली. याचे कारण मोठे गमतीचे आहे. इतर पदांना वयाची अट होती, या पदाला ती नव्हती! पंचविसाव्या वर्षी तो तीन सदस्यांच्या या आयोगावर निवडून आला. १९२१ च्या नव्या राज्यघटनेने त्याचे नाव लोकसेवा आयोग असे केले. नावावरून कोणाची गफलत होऊ नये. नोकरभरतीशी त्याचा संबंध नव्हता. आपल्याकडे विजेचे दर ठरवणारा वीज नियामक आयोग आहे, त्याच जातीची ही संस्था. फरक एवढाच की, तेथील सदस्य सरकार नेमत नाही, लोक निवडून देतात.

अशा आयोगाची गरज का भासते? बाजारात एका दुकानदाराने जास्त भाव सांगितला, तर आपण शेजारच्या दुकानात जातो. पण गावात रेल्वे एकच, टेलिफोनची तार एकच. तेथे गिऱ्हाईक जाणार कोठे? म्हणून कंपनीने हिशेब मांडावा, गिऱ्हाइकाने तक्रार मांडावी आणि दोन्ही बाजू ऐकून आयोगाने दर ठरवावा, अशी ही व्यवस्था आहे.

लाँगने या निर्जीव वाटणाऱ्या संस्थेत प्राण फुंकला. तेलविहिरींच्या छोट्या मालकांजवळ तेल होते, पण ते वाहून नेणारे नळ बलाढ्य स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या हाती होते. हे नळ रेल्वेप्रमाणेच सर्वांना खुले असावेत आणि त्यांवर आयोगाचे नियंत्रण असावे, असा आग्रह त्याने धरला. त्याचे स्वतःचे पैसेही एका छोट्या तेल कंपनीत बुडाले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. जनहित आणि वैयक्तिक राग त्याच्यात कायम हातात हात घालून चालले.

१९२२ मध्ये तो आयोगाचा अध्यक्ष झाला. कंबरलँड टेलिफोन कंपनीच्या दरवाढीविरुद्ध तो लढला. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे लाँगने स्वतः युक्तिवाद केला. अखेर हजारो ग्राहकांना जादा घेतलेले पैसे परत मिळाले. सरकार आपल्या बाजूने लढले, हा अनुभव गरिबांना नवा होता.

१९२४ मध्ये तो गव्हर्नरपदासाठी उभा राहिला व हरला. १९२८ मध्ये मात्र जिंकला. शाळेतील प्रत्येक मुलाला त्याने मोफत पाठ्यपुस्तके दिली. प्रौढ निरक्षरांसाठी रात्रीच्या शाळा काढल्या. चिखलात रुतणाऱ्या राज्यात पक्के रस्ते आणि पूल बांधले. राज्याचे विद्यापीठ वाढवले. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. पुस्तक विकत घ्यावे की उसने मागावे, हा हिशेब माझ्या घरी दरवर्षी होतो. म्हणून पाठ्यपुस्तकांविषयी वाचताना हा माणूस मला आपला वाटला आणि येथेच थांबावे असेही वाटले. परंतु चरित्र येथे थांबत नाही.

१९२९ मध्ये त्याने तेलशुद्धीकरणावर कर बसवू पाहिला. विरोधकांनी त्याच्यावर महाभियोग आणला. पंधरा सिनेटरांनी आपण त्याला दोषी ठरवणार नाही असे आधीच लिहून दिले आणि तो बचावला. त्यानंतर त्याचा स्वभाव अधिक कठोर झाला. सरकारी नोकरांच्या पगारातून त्याच्या राजकीय निधीसाठी पैसे कापले जात. १९३२ पासून तो वॉशिंग्टनमध्ये सिनेटर होता, पण लुइझियानाचा कारभार त्याच्याच इशाऱ्यावर चाले. १९३४ मध्ये त्याने देशभर संपत्तीच्या वाटणीची चळवळ उभारली. लक्षावधी बेकारांना तिचे आकर्षण वाटले. त्याच वर्षी त्याच्या राज्यात मोठ्या खपाच्या वृत्तपत्रांच्या जाहिरातींवर कर बसला. ही वृत्तपत्रे बहुतांशी त्याची विरोधक होती. शहरांचे अधिकारही काढून घेतले गेले. गोऱ्या-काळ्यांमधील भेदाच्या भिंतीला मात्र या गरिबांच्या कैवाऱ्याने धक्का लावला नाही.

८ सप्टेंबर १९३५ रोजी त्यानेच बांधलेल्या चौतीस मजली विधानभवनात त्याला गोळी लागली. कार्ल वाइस या डॉक्टरवर आरोप आला. अंगरक्षकांनी वाइसला जागीच ठार केले. गोळी नेमकी कोणाची, हा वाद पुढेही चालू राहिला. १० सप्टेंबरला बेचाळिसाव्या वर्षी लाँगचा मृत्यू झाला.

त्याला लोककल्याणकर्ता म्हणावे की हुकूमशहा? मला वाटते, आयोगावरचा लाँग हाच खरा मोठा लाँग. तेथेही तो आक्रमकच होता, पण समोर प्रतिपक्ष होता, बाजूला दोन सहकारी होते आणि वर न्यायालय होते. आपले म्हणणे त्याला पुराव्याने पटवून द्यावे लागे. पुढे रस्ते, पुस्तके देतादेता त्याने दुसरी बाजू ऐकण्याची सोयच मोडून टाकली. गरिबाला पुस्तक हवेच, पण ते देणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा हक्कही हवा. फेब्रुवारी १९३६ मध्ये वृत्तपत्रांवरील तो कर घटनाबाह्य ठरला. ज्या सर्वोच्च न्यायालयासमोर तरुण लाँगने टेलिफोन ग्राहकांची बाजू मांडली होती, त्याच न्यायालयाने हा निकाल दिला.