लोकमान्य टिळक आणि राहून जाणारं काम



या महिन्याचं चरित्र लिहायची सेवा माझ्याकडे आली तेव्हा हातात चांगले वीस दिवस होते. त्यातले अठरा कसे गेले ते विचारू नका. पाहुणे झाले, पापड झाले, मग उद्या बसू, परवा बसू. शेवटी ताईंचा निरोप आला की परवा मजकूर हवाच, तेव्हा घाईघाईने वही उघडली. म्हणूनच असेल, आठवण झाली ती मनातलं काम वर्षानुवर्षं बाजूला ठेवावं लागलेल्या एका मोठ्या माणसाची.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, संस्कृतचे चांगले जाणकार. आई लहानपणीच गेली. १८७२ साली वडील अखेरच्या आजारात अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना गीतेवरची ‘भाषाविवृती’ ही मराठी टीका वाचून दाखवण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळकडे आले. त्या वयात सगळा अर्थ कुठून कळणार? पण मनावर ठसा उमटला तो कायमचा. वडील त्याच वर्षी गेले.

पुढे गीता पुन्हा पुन्हा वाचताना त्यांना एक शंका छळू लागली. लढायला नको म्हणणाऱ्या अर्जुनाला लढायला उभे करण्यासाठी गीता सांगितली गेली. मग बहुतेक टीकाकार तिच्यातून संन्यास किंवा नुसती भक्तीच का काढतात? टीका बाजूला ठेवून त्यांनी मूळ गीता वाचली आणि त्यांना उत्तर मिळाले, ते म्हणजे कर्मयोग. यावर सविस्तर ग्रंथ लिहायचा, हे मनात पक्के झाले.

पण लिहायचा कधी? १८८० मध्ये मित्रांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढले, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा ही पत्रे सुरू झाली, मग डेक्कन एज्युकेशन सोसायटी, फर्ग्युसन कॉलेज. पुढे केसरीची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली. केसरी निघायचा मंगळवारी. दुष्काळ असो, प्लेग असो, घरात दुःख असो, मंगळवार काही थांबत नाही. त्यात गणेशोत्सव, शिवजयंती, काँग्रेस, १८९७ चा राजद्रोहाचा खटला आणि तुरुंगवास. नंतर ताईमहाराज प्रकरणात तर वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला.

यात आळस कुठेच नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आपण म्हणतो, चालढकल म्हणजे आळस. तसं नेहमी नसतं. ज्या कामाला तारीख असते ते पुढे घुसतं, आणि ज्याला तारीख नाही, कोणी विचारत नाही, ते मागे राहतं. बहुतेक वेळा तेच आपल्या जिवाजवळचं असतं.

तरी त्यांनी धागा सोडला नाही. १९०२ मध्ये नागपूरला या विषयावर व्याख्याने दिली. १९०४ मध्ये आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वर मठात, शंकराचार्यांच्या समोर, हाच विषय मांडला. वाचन, विचार, टिपणे चालूच होती. ग्रंथ मात्र झाला नव्हता.

२२ जुलै १९०८ ला रात्री मुंबईच्या हायकोर्टात त्यांना केसरीतल्या लेखांबद्दल सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. आधी साबरमती, मग ब्रह्मदेशातला मंडालेचा तुरुंग. लाकडी कोठडी, परकी हवा, जोडीला मधुमेह. पुण्याहून पुस्तके मागवायला परवानगी मिळाली. शाई मिळत नसे, पेन्सिलीने लिहायचे, तेही पाने मोजून नंबर घातलेल्या वह्यांत.

नोव्हेंबर १९१० च्या सुरुवातीला त्यांनी लिहायला घेतले आणि मार्च १९११ च्या अखेरीस खर्डा पूर्ण केला. पंधरा प्रकरणे, परिशिष्टे, शिवाय पूर्ण गीतेचे भाषांतर आणि टिपा. हे सगळे पाच महिन्यांत! सुटकेला अजून तीन वर्षांहून जास्त काळ होता. कोणी मागे लागले नव्हते, मंगळवार नव्हता. आपण असतो तर म्हटलं असतं, वेळच वेळ आहे, सावकाश करू. त्यांनी तसे केले नाही.

आणि बघा, पुढे काय झाले. जून १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. मंडालेला तारेने बातमी आली, शेवटची भेट नाहीच. जून १९१४ मध्ये सुटका झाली, पण वह्या सरकारने ठेवून घेतल्या, त्या परत मिळायला वेळ लागला. बाकीचे काळजीत होते, पण वह्या न आल्या तर पुन्हा लिहून काढण्याची त्यांची तयारी होती म्हणतात. इतके ते मनात मुरले होते. जून १९१५ मध्ये ‘गीतारहस्य’ छापून आले. ज्यांना सोळाव्या वर्षी गीता वाचून दाखवली ते वडील जाऊन त्रेचाळीस वर्षे झाली होती. पत्नीनेही ते पुस्तक पाहिले नाही.

नंतर त्यांना उसंत मिळालीच नाही. १९१६ मध्ये आमच्या बेळगावात होमरूल लीगची स्थापना, त्याच वर्षी लखनौची काँग्रेस, पुढे खटल्यासाठी विलायत. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत देह ठेवला. मनात आणखीही ग्रंथ होते, ते राहिले. गीतारहस्यही सुटकेनंतर लिहू म्हटले असते, तर तेही राहिलेच असते. माधवराव सप्रे यांच्यासारख्या मध्य प्रांतातल्या मराठी माणसाने त्याचा हिंदी अनुवाद केला, तोही मग कुठून झाला असता?

आता माझी गोष्ट. माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या पाठ. लिहून घ्यायच्या असं मी लग्नापासून म्हणतेय. मुलं मोठी होऊ देत, मग बसू. हल्ली त्या ओवी सुरू करतात आणि अर्ध्यावर थांबून माझ्याकडे बघतात. पुढचं आठवत नाही. मलाही येत नाही.

काल हा मजकूर लिहिता लिहिता उठले, वही घेऊन त्यांच्या शेजारी बसले. तासाभरात तीन ओव्या पुऱ्या मिळाल्या, चौथी अर्धीच. आज दुपारी पुन्हा बसणार आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाकडे असं एक काम असेल, ज्याला तारीख नाही आणि ज्याबद्दल कोणी विचारत नाही. आज रात्री दिवा लावल्यावर ते कुठलं, एवढं घरात एकमेकांना सांगूया. आणि या आठवड्यातला एक तास त्याच्या नावाने काढूया. तुरुंगात जाण्याची वाट बघायला नको. 🙏