विश्लेषण : जिवाणूचा नियम हत्तीला का लागू पडला नाही? झाक मोनो यांच्या शोधाची गोष्ट

हिवरे बाजारमध्ये दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि शिल्लक पाहूनच पीक ठरते. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणूही असाच काटकसरी. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, समोर नसेल तर ती पचवणारे एन्झाइम तो जवळपास बनवतच नाही. हा हिशेब तो कसा ठेवतो, हे शोधण्यात फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांची उमेदीची वर्षे गेली.

१९१० मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेले मोनो चेलो उत्तम वाजवत. संगीत की विज्ञान, हे बराच काळ ठरत नव्हते. डॉक्टरेटच्या प्रयोगांत त्यांनी जिवाणूंना ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिले. जिवाणूंनी आधी ग्लुकोज संपवले, मग वाढ थबकली आणि काही वेळाने लॅक्टोजवर पुन्हा सुरू झाली. १९४१ मध्ये पदवी मिळाली, पण या थबकण्याचे कोडे सुटायला आणखी वीस वर्षे लागली. मधली काही वर्षे नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात गेली. युद्धानंतर ते पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन याच संस्थेतून भारतात आले होते.

कळ कुठे असते?

फ्रान्स्वा जाकोब यांच्यासोबत मोनो यांनी १९६१ मध्ये उत्तर मांडले. लॅक्टोजशी संबंधित तीन जनुके शेजारी-शेजारी असतात आणि त्यांची कळ एकच. एरवी एक प्रथिन डीएनएवर ठाण मांडून बसते. लॅक्टोज आले की ते सुटते. मग तिन्ही जनुकांचा मिळून एकच आरएनए निरोप तयार होतो. जिवाणूला केंद्रक नसल्याने निरोप पूर्ण व्हायच्या आधीच त्यावरून प्रथिन बनू लागते. १९६५ मध्ये दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल मिळाले.

मग हत्तीचे काय?

जिवाणूत जे खरे, ते हत्तीतही खरे, अशी मोनो यांची धारणा होती. जनुकीय संकेतलिपीपुरती ती बरीचशी बरोबर ठरली. पण हत्ती, माणूस किंवा ज्वारीच्या पेशीत डीएनए केंद्रकात, प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. बहुतेक जनुकांचा निरोप स्वतंत्र असतो आणि तो केंद्रकाबाहेर आल्यावरच प्रथिन बनते.

३१ मे १९७६ रोजी मोनो यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी मानवी पेशींत वाढणाऱ्या एका विषाणूवर काम करताना दाखवले, की जनुक सलग नसून तुकड्यांत असते. निरोपातले मधले भाग कापून उरलेले जोडले जातात. आपल्या जनुकांचेही तसेच असते. मोनो यांना हे पाहायला मिळाले नाही.

इन्सुलिनसाठी हा फरक निर्णायक होता. मानवी जनुक जसेच्या तसे दिले, तर जिवाणूला त्यातले मधले भाग कापता येत नाहीत. म्हणून १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी ते भाग नसलेला डीएनए प्रयोगशाळेत जुळवला आणि ई. कोलायमध्ये घातला. तो चालू करायला वापरली ती लॅक्टोजचीच कळ.