बाहुली प्रवासाला गेलीय

काफ्का आणि बाहुलीची गोष्ट तुमच्यापर्यंत कधी ना कधी पोचलेली असणार. एखादं रील, एखादा फॉरवर्ड, मागे मंद पियानो. बर्लिनच्या बागेत एक लहान मुलगी रडतेय, तिची बाहुली हरवलीय. फ्रान्झ काफ्का नावाचा लेखक तिला सांगतो, की बाहुली हरवलेली नाही, ती प्रवासाला गेलीय आणि तिने पत्र पाठवलंय. मग तो बाहुलीच्या नावाने पत्रं लिहून आणतो. शेवटी एक नवी बाहुली आणून देतो आणि सांगतो, प्रवासाने ही थोडी बदललीय. खूप वर्षांनी, मोठ्या झालेल्या त्या मुलीला बाहुलीच्या आत एक चिठ्ठी सापडते. चिठ्ठीत प्रेमाबद्दल एक गोड वाक्य असतं. इथे आपण डोळे पुसतो आणि स्टेटसला टाकतो.

ती चिठ्ठी आधी बाजूला ठेवा. ते वाक्य काफ्काच्या कुठल्याही लिखाणात नाही. नवी बाहुली येते ती त्याचा मित्र मॅक्स ब्रोड याच्या सांगण्यात, आणि ब्रोड तेव्हा प्रागला राहत होता. काफ्कासोबत त्या बागेत होती ती डोरा डायमांट. तिच्या आठवणीत चिठ्ठी नाही, नवी बाहुलीही नाही. तिने सांगितलेला शेवट वेगळाच आहे आणि मला विचाराल तर जास्त भारी आहे. पण तो भारी का, हे कळायला आधी हा माणूस चाळिसाव्या वर्षापर्यंत काय करत होता ते बघावं लागेल.

काफ्काचा जन्म ३ जुलै १८८३ चा, प्रागचा. घर ज्यू, घरात भाषा जर्मन, शहरात बहुतेकांची भाषा चेक. वडील हर्मन यांचं फॅन्सी वस्तूंचं दुकान होतं. खेड्यातून येऊन स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस. मुलगा हडकुळा, लाजरा, स्वतःच्या शरीराचीही लाज वाटणारा. या दोघांचं आयुष्यभर जमलं नाही. मुलाने कायद्याची पदवी घेतली १९०६ मध्ये. आवड होती म्हणून नव्हे. हे तुमच्यापैकी काहींना ओळखीचं वाटेल.

पहिली धड नोकरी लागली एका इटालियन विमा कंपनीच्या प्राग कार्यालयात. तेव्हा एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने एक स्वप्न सांगितलंय. कधीतरी ही कंपनी आपल्याला लांबच्या देशात पाठवेल आणि ऑफिसच्या खिडकीतून आपल्याला उसाची शेतं दिसतील, असं काहीसं. कंपनीने त्याला कुठेही पाठवलं नाही. कामाचे तासच इतके होते की लिहायला वेळ उरेना. वर्षही न काढता त्याने ती नोकरी सोडली आणि १९०८ मध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या सरकारी संस्थेत लागला. तिथे सकाळी आठ ते दुपारी दोन. घरी येऊन झोपायचं आणि रात्री साडेदहा-अकराला लिहायला बसायचं ते पहाटेपर्यंत.

काफ्का म्हणजे ऑफिसला कंटाळलेला, उदास कारकून, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. कंटाळला होता हे खरं, पण काम चोख करायचा. उत्तर बोहेमियातल्या कारखान्यांची तपासणी, कुठल्या धंद्यात धोका किती, मालकाने हप्ता किती भरायचा, हे सगळं त्याच्याकडे होतं. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर त्याने लिहिलेला अहवाल आजही वाचायला मिळतो. त्या यंत्रांचा दांडा चौकोनी असायचा, त्यामुळे पातं आणि टेबल यांच्यामध्ये फट राहायची आणि कामगारांची बोटं त्यात जायची. दांडा गोल केला तर बोटं वाचतात, हे त्याने आकृत्या काढून दाखवलंय. वर हेही सांगितलंय, की गोल दांडा मालकाला महागही पडत नाही. कथेत माणसाचा किडा करणारा हाच लेखक.

लांबच्या देशात जायचं मात्र राहिलंच. ब्रोडबरोबर तो पॅरिस, मिलान, वायमार अशा सहली करून आला, तेवढंच. म्हणून त्याने कागदावर प्रवास केला. अमेरिका कधीही न बघता अमेरिकेवर कादंबरी लिहायला घेतली. त्यात घरच्यांनी जहाजात बसवून दिलेला एक पोरगा न्यूयॉर्कच्या बंदरात शिरतो आणि समोर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बघतो. पुतळ्याच्या हातात मशाल नाही, तलवार आहे. चूक की मुद्दाम, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्या पोराचं पुढे काय होतं विचारू नका, कारण कादंबरी अर्धवट आहे. ‘द ट्रायल’ अर्धवट. ‘द कॅसल’ तर वाक्याच्या मध्येच थांबते. तीन कादंबऱ्या, तिन्ही अपूर्ण. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट, पत्रं. ऑगस्ट १९१२ मध्ये ब्रोडच्या घरी त्याला फेलिस बाउअर भेटली. ती बर्लिनला नोकरी करायची. पुढच्या पाच वर्षांत त्याने तिला पाचशेहून जास्त पत्रं लिहिली, कधी दिवसाला दोन, कधी तीन. उत्तर आलं नाही की जीव कासावीस. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्लू टिककडे बघत बसणारा बॉयफ्रेंड. प्रत्यक्ष भेटी मात्र मोजक्याच. साखरपुडा १९१४ ला झाला आणि काही आठवड्यांत मोडला. दुसरा १९१७ ला झाला, तोही मोडला. त्यानंतर युली नावाच्या मुलीशी ठरलं, तेही तुटलं. लिहायला एकांत हवा आणि संसारही हवा, दोन्ही जमणार नाही ही भीती त्याला प्रत्येक वेळी मागे खेचायची. माझ्या मते यात तो फेलिसशी बराच अन्यायाने वागला. पाच वर्षं एखाद्या मुलीला कागदावर झुलवत ठेवणं, हे मोठा लेखक असल्याने माफ होत नाही.

वडिलांना त्याने १९१९ मध्ये एक पत्र लिहिलं. हाताने लिहिलेली शंभरावर पानं. लहानपणापासून साचलेलं सगळं त्यात आहे. ते वडिलांपर्यंत पोचलंच नाही. नंतर मिलेना येसेन्स्का या पत्रकार मैत्रिणीला लिहिताना त्याने पत्र या प्रकारावरचा विश्वासच उडाल्याचं सांगून टाकलं. पत्रातून पाठवलेली माया पोचत नाही, वाटेतच भुतं ती पिऊन टाकतात, अशा अर्थाचं काहीतरी. हजारो पानं पत्रं लिहून झाल्यावर माणूस या निष्कर्षाला आला होता.

मध्यंतरी ऑगस्ट १९१७ मध्ये एका रात्री त्याच्या तोंडातून रक्त आलं. क्षय. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. विश्रांती, हवापालट, सॅनेटोरियम, पुन्हा ऑफिस, पुन्हा रजा. १ जुलै १९२२ ला संस्थेने त्याला पेन्शन देऊन मोकळं केलं. वय ३८.

पुढच्या उन्हाळ्यात तो बहिणीबरोबर बाल्टिक किनाऱ्यावरच्या म्युरिट्झ गावी गेला. तिथे ज्यू मुलांचं सुट्टीचं शिबिर चाललं होतं आणि स्वयंपाकघरात डोरा काम करत होती. ती २५ वर्षांची, पोलंडमधल्या कर्मठ घरातून पळून आलेली. हा ४० चा. दोन महिन्यांत, सप्टेंबर १९२३ अखेर, काफ्का बर्लिनला गेला आणि दोघं एकत्र राहू लागले. लग्नाशिवाय, आजारपणात, १९२३ मध्ये. प्राग आणि आईवडील पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने मागे सुटले होते.

वेळ मात्र अशी निवडली की विचारू नका. जर्मनीत तेव्हा महागाईने वेड लावलं होतं. नोव्हेंबर १९२३ मध्ये बर्लिनमध्ये एका पावाची किंमत सुमारे २० हजार कोटी मार्क होती. चूक छापलेली नाही, २० हजार कोटी. काफ्काची पेन्शन प्रागहून यायची, घरून लोण्याची पार्सलं यायची, त्यावर दिवस चालले होते. वीज परवडेना म्हणून रॉकेलचा दिवा. एकदा तर जेवण मेणबत्तीच्या उरलेल्या तुकड्यांवर गरम केलं. घरमालकिणीशी पटेना. श्टेग्लिट्झ या उपनगरातल्या त्या घरात ताप आणि खोकला सोबतीला होताच. आणि तरी डोराच्या आठवणीतला हा काफ्का हसरा आहे. भिंतीवर हातांच्या सावल्यांचे खेळ करून दाखवणारा. दोघं तेल अवीवला जाऊन खाणावळ काढायची स्वप्नं बघायचे. ती स्वयंपाक करणार आणि हा वेटर.

याच दिवसांत श्टेग्लिट्झच्या बागेत ती मुलगी भेटली.

डोरा सांगते त्याप्रमाणे मुलगी हमसून रडत होती. काफ्काने कारण विचारलं आणि तिथल्या तिथे ठोकून दिलं, की बाहुली प्रवासाला गेलीय, मला तिचं पत्र आलंय. मुलगी हुशार. तिने संशयाने विचारलं, की कुठे आहे ते पत्र, दाखवा. हा म्हणाला, की घरी राहिलं, उद्या आणतो. दुसरा कुणी असता तर विषय तिथेच संपवून घरी गेला असता. काफ्का घरी गेला आणि टेबलाशी बसला. डोरा म्हणते, की एखादी कथा लिहायला बसताना तो जसा ताणलेला, गंभीर असायचा, तसाच त्या रात्री होता. त्याच्या हिशेबाने पोरीला फसवायचं नव्हतं. खोटं इतकं नीट रचायचं होतं, की ते गोष्टीच्या पातळीवर खरं व्हावं.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्र वाचून दाखवलं, कारण मुलीला वाचता येत नव्हतं. बाहुलीने लिहिलं होतं, की त्याच त्या घरात राहून मी कंटाळले, मला जरा हवापालट हवा. तुझ्यावर माझं प्रेम आहे, पण थोडे दिवस लांब जायचंय. रोज पत्र लिहीन असंही तिने कबूल केलं होतं. झालं, आता रोज पत्र आलं. हा प्रकार किमान तीन आठवडे चालला. पत्रांतून बाहुली नव्या जागा बघत गेली, शाळेत जाऊ लागली, नवी माणसं भेटली, मोठी होत गेली. प्रत्येक पत्रात मुलीची आठवण काढायची. आणि प्रत्येक पत्रात परत यायला एक नवी अडचण.

आता त्या दोन गोष्टी आठवा. ज्याला एकही कादंबरी संपवता आली नाही, त्याच्यापुढे एक वाचक रोज बागेत येऊन उभी राहत होती. हिला अर्धवट सोडता येणार नव्हतं. डोराच्या सांगण्यानुसार शेवट काय करायचा या विचाराने तो खरंच हैराण झाला होता. बाहुली परत येणं शक्य नाही. ती मेली असं सांगायचं नाही. पत्रं नुसती बंद केली तर मुलीला दुसऱ्यांदा तेच दुःख. खूप विचार करून त्याने बाहुलीचं लग्न लावून द्यायचं ठरवलं.

आपल्याकडे भातुकलीत बाहुलाबाहुलीचं लग्न लावणं हा पोरींचा हातखंडा खेळ. इथे तो खेळतोय तीन साखरपुडे मोडलेला, चाळिशीचा, रक्त थुंकणारा माणूस. आधी पत्रातून नवरा मुलगा आला. मग साखरपुडा, लग्नाची तयारी, मग नव्या जोडप्याचं घर, अगदी बारीकसारीक तपशिलांसकट. शेवटच्या पत्रात बाहुलीने मैत्रिणीला समजावलं, की आता आपली भेट होणार नाही, हे तुलाही पटत असेल. तोवर मुलीला पटलं होतं. बाहुली हरवली हे ती विसरली नव्हती, पण आता त्या हरवण्याला एक गोष्ट होती. स्वतःला जे कधी जमलं नाही, म्हणजे घर सोडणं, मोठं होणं, लग्न करून निरोप घेणं, ते सगळं त्याने तीन आठवड्यांत बाहुलीकडून करून घेतलं. निदान मला तरी ते तसं दिसतं.

मार्च १९२४ मध्ये तब्येत इतकी ढासळली की बर्लिन सोडावं लागलं. क्षय घशात उतरला होता. व्हिएन्नाजवळच्या कीरलिंग गावातल्या छोट्या सॅनेटोरियममध्ये डोरा शेवटपर्यंत त्याच्यासोबत होती. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, म्हणून तो चिठ्ठ्यांवर लिहून बोलायचा. फुलांना पाणी द्या, असं काहीबाही. घास गिळता येत नव्हता आणि हातात मुद्रितं होती ‘अ हंगर आर्टिस्ट’ची, म्हणजे उपास करून दाखवणाऱ्या माणसाच्या कथेची. ३ जून १९२४ ला तो गेला. चाळीस वर्षं, अकरा महिने.

आपलं अप्रकाशित सगळं जाळून टाक, असं त्याने ब्रोडला लिहून ठेवलं होतं. ब्रोडने ऐकलं नाही, म्हणून आज आपल्याकडे काफ्का आहे. डोराकडच्या त्याच्या वह्या आणि पत्रं मात्र १९३३ मध्ये गेस्टापोने जप्त केली, ती आजतागायत सापडलेली नाहीत. त्याच्या तिन्ही बहिणी नाझींच्या छळछावण्यांच्या काळात मारल्या गेल्या. सगळ्यात लाडकी ओट्ला १९४३ मध्ये अनाथ मुलांच्या एका गाडीबरोबर स्वतःहून गेली. ती गाडी आउश्विट्झला पोचली.

बाहुलीच्या पत्रांपैकी एकही पत्र सापडलेलं नाही. एकच सोर्स असेल तर जपून लिहा, असं आम्हाला मास कॉमच्या वर्गात शिकवतात. इथे सोर्स एकटी डोराच आहे. पण ती त्या बागेत होती, त्या टेबलाशेजारी होती आणि तिने सांगितलेल्या शेवटात गोडवा घुसवलेला नाही, म्हणून मी तिच्या बाजूने आहे. अभ्यासकांनी श्टेग्लिट्झमध्ये जाऊन त्या मुलीचा शोध घेतला, लोकांकडे चौकशी केली, स्थानिक वर्तमानपत्रात आवाहन छापलं. कुणी पुढे आलं नाही. मुलीचं नाव डोराने सांगितलेलं नाही. बाहुलीचंही नाही.