विश्लेषण : १६ वर्षांखालील क्रिकेट स्पर्धेला विजय मर्चंट यांचे नाव का?

कन्नडच्या मैदानावर सराव करणाऱ्या एखाद्या मुलाला महाराष्ट्राच्या १६ वर्षांखालील संघात जायचे असेल, तर जिल्ह्याची निवड चाचणी, मग राज्याची निवड आणि हाडांच्या चाचणीवरून वयाची पडताळणी असे टप्पे पार करावे लागतात. त्यानंतर तो ज्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो, ती म्हणजे विजय मर्चंट करंडक. हे मर्चंट कोण होते?

राज्य एक, संघ तीन कसे?

भारतीय क्रिकेटमध्ये आपल्या राज्याचे महाराष्ट्र, मुंबई आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. छत्रपती संभाजीनगर जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत मोडतो. १६ वर्षांखालील गटानंतर १९ वर्षांखालील गटासाठी कूचबिहार करंडक आणि एकदिवसीय सामन्यांची विनू मांकड स्पर्धा आहे. रणजी संघाकडे जाणारी वाट इथूनच सुरू होते.

‘मर्चंट’ हे आडनाव कसे पडले?

त्यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत, कापड गिरण्यांचे मालक असलेल्या ठाकरसी कुटुंबात झाला. शाळेत नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला असता गोंधळ झाला आणि व्यवसायच आडनाव म्हणून नोंदला गेला, असे सांगितले जाते. तेच नाव पुढे धावफलकावर झळकले.

फलंदाज म्हणून किती मोठे?

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४ आहे. जगात त्यांच्यापुढे डॉन ब्रॅडमन यांचेच नाव घेतले जाते. १९४३-४४च्या हंगामात विजय हजारे आणि मर्चंट यांच्यात विक्रमांची चढाओढ लागली. पंचरंगी स्पर्धेत मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या, तर हजारे यांनी ३०९. त्यानंतर रणजी सामन्यात मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावांची खेळी केली.

मग कसोटी सामने १०च का?

राष्ट्रीय नेत्यांच्या अटकेच्या निषेधार्थ त्यांनी १९३२च्या इंग्लंड दौऱ्यावर जाण्यास नकार दिला. १९३३ मध्ये पदार्पण झाले, पण ऐन भरातली वर्षे दुसऱ्या महायुद्धाने खाल्ली. १९४७-४८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी कर्णधारपद मिळाले, तर प्रकृतीमुळे माघार घ्यावी लागली. १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या, तेव्हा वयाची चाळिशी गाठली होती. त्याच सामन्यात खांद्याला दुखापत झाली आणि तीच त्यांची शेवटची कसोटी ठरली. १८ वर्षांत १० कसोटी, ८५९ धावा आणि तीन शतके!

तरुणांशी नाते कुठे जुळते?

निवड समितीचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी नव्या चेहऱ्यांवर भर दिला. १९६९ मध्ये गुंडप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर, चेतन चौहान आणि मोहिंदर अमरनाथ यांनी कसोटी पदार्पण केले. सोलकर हे मैदानाची देखभाल करणाऱ्या कामगाराचे पुत्र. १९७१ मध्ये कर्णधार निवडताना समितीत मतांची बरोबरी झाली. मर्चंट यांनी निर्णायक मत मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर यांच्या बाजूने टाकले. निर्णयावर वाद झाला. मात्र त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकल्या. वेस्ट इंडिजमध्ये नवखे सुनील गावसकर चमकले.

पुढे काय?

मर्चंट रेडिओवरून क्रिकेटविषयी बोलत राहिले. दिव्यांगांना रोजगार मिळावा, यासाठीही त्यांनी काम केले. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

स्वतःच्या वाट्याला संधी कमी आलेल्या या फलंदाजाने, अधिकार हाती आल्यावर नवख्यांना संधी दिली. मुलांच्या स्पर्धेला त्यांचे नाव शोभते ते यामुळेच. निवड यादीत यंदा नाव न आलेल्या कन्नडच्या मुलानेही ही गोष्ट लक्षात ठेवावी.