विस्मृतीचा वेध घेणारे धन्वंतरी : डॉ. आलॉइस आल्झायमर

साठी बुद्धी नाठी ही म्हण आपल्या पूर्वजांनी काहीशा विनोदाने आणि काहीशा हताशपणे रचली असावी. घरातील वडीलधारे माणूस एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागले, नित्याच्या वाटेवर चुकू लागले, पोटच्या लेकरालाही ओळखेनासे झाले, की म्हातारचळ लागला असे म्हणून आपण गप्प बसत आलो. हा वयाचा दोष नसून मेंदूचा रोग असू शकतो, आणि रोग असल्यामुळेच त्याचा शोध घेता येतो, हे ज्या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले त्याचे नाव आज त्या रोगाचेच नाव होऊन बसले आहे. एखादे मंडळ पन्नाशी गाठते, तेव्हा त्याच्या पायाचे दगड झालेली माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात असतात. अशा प्रसंगी नावाने सर्वपरिचित परंतु चरित्राने अपरिचित असलेल्या या थोर पुरुषाचे स्मरण करणे अप्रस्तुत ठरू नये.

आलॉइस आल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील एडुआर्ड हे सरकारी नोटरी होते. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून हे कुटुंब पुढे आशाफेनबुर्ग येथे राहावयास गेले. निसर्गशास्त्राची आवड असलेल्या आलॉइस यांनी वैद्यकाची वाट धरली. बर्लिन, व्युर्त्सबुर्ग आणि ट्युबिंगेन येथे त्यांचे अध्ययन झाले, आणि १८८७ मध्ये कानातील मळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय क्षुल्लक वाटेल, पण याच कामात त्यांना सूक्ष्मदर्शकाचा जो छंद जडला तो अखेरपर्यंत सुटला नाही.

१८८८ च्या अखेरीस ते फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात साहाय्यक वैद्य म्हणून रुजू झाले. त्या काळी वेड्यांना बांधून ठेवणे, कोंडून ठेवणे हाच बहुतेक ठिकाणचा उपचार असे. फ्रँकफुर्टचे संचालक एमिल सिओली मात्र उदार विचारांचे होते. रुग्णांना बंधमुक्त ठेवावे, त्यांच्याशी बोलावे, कोमट पाण्याच्या दीर्घ स्नानांनी त्यांना शांत करावे, अशी त्यांची पद्धत होती. तेथेच आल्झायमर यांना फ्रान्झ निस्सल हा जन्माचा मित्र लाभला. मेंदूतील पेशींना रंग देऊन त्या स्पष्ट दिसाव्यात, अशी रीत निस्सल यांनी शोधून काढली होती. दिवसा रुग्णांची शुश्रूषा आणि सायंकाळी सूक्ष्मदर्शक असा या दोघांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. मनाच्या व्याधीचे मूळ मेंदूत कोठे दिसते काय, हा एकच प्रश्न दोघांसमोर होता.

सेसिली गाइझेनहाइमर या सधन विधवेशी त्यांचा विवाह झाला आणि तीन अपत्ये झाली. परंतु १९०१ च्या प्रारंभीच सेसिली निवर्तल्या. मुलांच्या संगोपनासाठी धाकटी बहीण घरी आली, आणि आल्झायमर यांनी आपले दुःख कामात बुडवून टाकले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, २५ तारखेला, त्यांच्या रुग्णालयात एक स्त्री दाखल झाली. ऑगस्टे डी. या नावाने वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झालेल्या या बाईचे वय अवघे ५१ वर्षांचे होते. आधी पतीविषयी अकारण संशय, मग स्मरणाचा ऱ्हास, मग स्वतःच्याच घरात भांबावून फिरणे, अशा क्रमाने तिचा आजार वाढला होता.

आल्झायमर तिच्याजवळ बसले आणि तिला साधे साधे प्रश्न विचारू लागले. लेखणी, किल्ली अशा वस्तू दाखविल्या असता ती त्यांची नावे बरोबर सांगे, पण थोड्याच वेळाने काय दाखविले होते याची तिला आठवण नसे. पतीचे नाव विचारले तर ती स्वतःचेच नाव सांगे. जेवताना पुढ्यात फुलकोबी असता ती पालक म्हणे. नाव लिहावयास सांगितले तर अर्ध्यावरच थांबे, आणि आपण स्वतःच हरवल्याची खंत व्यक्त करी. हे सारे आल्झायमर यांनी प्रश्नोत्तरांच्या रूपाने, दिवसवार आणि शब्दशः टिपून ठेवले.

रुग्णाची अशी नोंद ठेवण्याचे मोल तंजावर-कुंभकोणम् परिसरातील मराठी माणसाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या जात, आणि त्या नोंदी सरस्वती महालात जतन झाल्या आहेत. डोळ्याचा विकार चित्रकाराला समोर बसून रेखाटता येतो. मेंदू मात्र कवटीच्या पेटीत बंद असतो. ऑगस्टेच्या डोक्यात काय बिघडले आहे हे पाहण्यास आल्झायमर यांना तिच्या मृत्यूपर्यंत थांबणे भाग होते.

१९०३ मध्ये ते प्रथम हायडेलबर्गला आणि तेथून म्युनिकला, ख्यातनाम मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. तेथे आरंभी ते वेतनावाचून काम करीत असत. शहर सुटले तरी फ्रँकफुर्टच्या त्या रुग्णाचा विसर त्यांना पडला नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ऑगस्टेचे निधन झाले, तेव्हा सिओली यांनी तिची नोंदवही आणि तिचा मेंदू म्युनिकला पाठविला. मेंदूचे बाह्यपटल झिजून पातळ झालेले होते. चांदीच्या क्षारांनी रंगविलेल्या पातळ कापांवर आल्झायमर यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर कसल्याशा पदार्थाचे बारीक साठे विखुरलेले होते, आणि कित्येक पेशींच्या आत तंतूंचे जाड गुंते झालेले होते. काही ठिकाणी पेशी नष्ट होऊन केवळ गुंताच उरला होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील नैर्ऋत्य जर्मनीच्या मनोविकारतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही, आणि सभा पुढील विषयाकडे वळली. १९०७ मध्ये हे भाषण संक्षेपाने छापले गेले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथाच्या आठव्या आवृत्तीत या विकारास आल्झायमरचा रोग असे नाव दिले. स्वतः आल्झायमर मात्र सावध होते. हा स्वतंत्र रोग आहे की वार्धक्यातील बुद्धिभ्रंशच अकाली आलेला आहे, याविषयी १९११ च्या लेखात त्यांनी मोकळेपणाने शंका उपस्थित केली. त्यांची शंका किती सार्थ होती, हे अर्धशतकानंतर उमगले. १९६० नंतरच्या दशकात न्यूकॅसल येथील संशोधकांनी वृद्धांचे मेंदू तपासले तेव्हा तेच साठे आणि तेच गुंते आढळले. तरुणपणीचा दुर्मिळ मानलेला रोग आणि वृद्धांचा म्हातारचळ यांचे मूळ बहुतांशी एकच निघाले.

आल्झायमर हे शिक्षक म्हणूनही मोठे होते. इटली, स्पेन, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांतून विद्यार्थी त्यांच्या प्रयोगशाळेत येत. क्रॉइट्झफेल्ट, याकोब, लेवी ही वैद्यकात पुढे गाजलेली नावे याच परिवारातील होत. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. सिगार शिलगावून ते एखाद्या विद्यार्थ्याशेजारी बसत, सिगार बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शकात डोकावत आणि समजावून सांगण्यात इतके रंगून जात, की सायंकाळी प्रत्येक मेजावर एकेक अर्धवट सिगार आढळे. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले, पण तेथे जातानाच प्रवासात ते आजारी पडले. त्या दुखण्याने हृदय दुर्बल केले ते कायमचेच. महायुद्धाच्या धामधुमीत, १९ डिसेंबर १९१५ रोजी, त्यांनी देह ठेवला. वय होते ५१. ऑगस्टे रुग्णालयात आली तेव्हा तिचेही वय एवढेच होते. फ्रँकफुर्टमध्ये पत्नीच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. दीर्घकाळ हरवलेली ऑगस्टेची नोंदवही १९९५ च्या डिसेंबरात फ्रँकफुर्टच्या दप्तरखान्यात सापडली.

त्यांच्या कार्याचे पुढील पर्व त्यांच्या पश्चात उलगडले. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग या अमेरिकन संशोधकांनी या साठ्यांशी निगडित असलेले अमायलॉइड नावाचे प्रथिन वेगळे काढले. गुंत्यांमध्ये टाऊ नावाचे प्रथिन असते हेही त्याच दशकात समजले. द्रव्य कळले म्हणजे त्याचा माग काढता येतो. पाठीच्या कण्यातील पाणी काढून त्यात ही प्रथिने मोजण्याची रीत निघाली. २००४ मध्ये पिट्सबर्ग आणि उप्साला येथील संशोधकांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील अमायलॉइडचे साठे किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने पडद्यावर दाखविले. पुढे रक्तातील सूक्ष्म अंश मोजण्याइतकी साधने तीक्ष्ण झाली, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्तचाचणीस मान्यता दिली. रोगाच्या या जैविक खुणांना बायोमार्कर अशी संज्ञा आहे. जे पाहण्यास आल्झायमर यांना मृत्यूची वाट पाहावी लागली, ते आज बोटभर रक्तात शोधता येते.

तथापि येथे विवेक हवा. अमेरिकेत मान्यता मिळालेली ती चाचणी ज्यांना लक्षणे जाणवू लागली आहेत अशा ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. धडधाकट माणसाने केवळ कुतूहलापोटी करण्याची ती गोष्ट नव्हे. मेंदूत साठे असूनही कित्येकांची बुद्धी शाबूत राहते. उलट विसराळूपणा असूनही मूळ कारण निराळेच असू शकते. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीची मंदगती, खोल उदासीनता हीही कारणे असतात, आणि त्यांतील काहींवर चांगले उपाय आहेत. म्हणून रक्ताच्या थेंबाआधी वैद्याने रुग्णाशेजारी बसणे आणि घरच्या माणसांचे म्हणणे ऐकून घेणे आजही आवश्यक आहे. आल्झायमर यांची ती जुनी नोंदवही अजून कालबाह्य झालेली नाही.

आपल्या देशाचा विचार करता २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना बुद्धिभ्रंशाने ग्रासले आहे. याच संदर्भात हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन आपल्यासारख्यांना विशेष जवळचे वाटावे. बुद्धिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करता असे आढळले, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागला, मग ती व्यक्ती शिकलेली असो वा निरक्षर. भाषा रोगाला अडवते असा याचा अर्थ नव्हे. परंतु घरी मराठी आणि बाजारात तमिळ बोलत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या समाजाने आपल्या घरातील भाषा राखण्यास आणखी एक कारण मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

कुंभकोणम्‌जवळील नाचियारकोविल हे पितळी समयांसाठी जसे प्रसिद्ध, तसेच तेथील पाषाणाच्या गरुडासाठीही. उत्सवात गाभाऱ्यातून निघताना चार जण त्याला खांद्यावर घेतात, पण मिरवणूक पुढे सरकते तसतसा त्याचा भार वाढतो अशी श्रद्धा आहे. मग आठ, सोळा, बत्तीस असे खांदे वाढवावे लागतात. बुद्धिभ्रंशाने ग्रासलेल्या वडीलधाऱ्यांचा सांभाळही असाच आहे. प्रारंभी एकट्या सुनेच्या किंवा मुलीच्या खांद्यावर पेलणारे ओझे वर्षागणिक जड होत जाते, आणि तेव्हा शेजाऱ्यांचे, नातलगांचे, मंडळाचे खांदे लागतात. घरात कोणी विसरू लागले तर लाजू नये, लपवू नये, वेळीच वैद्याकडे न्यावे, आणि त्यांची सेवा करणाऱ्याला एकटे पडू देऊ नये. एका अनोळखी रुग्णाशेजारी कागद-लेखणी घेऊन शांतपणे बसलेल्या डॉ. आल्झायमर यांना याहून योग्य अशी आदरांजली कोणती?